जेबेझ आजोबांचा दगड

३ मार्च

ठरलं एकदाचं! यंदाची सहल पोर्ट आर्थरला. दरवर्षी कुणाचा तरी गुडघा आडवा येतो, पण यंदा डल्सीने गुडघ्यांना मतच दिलं नाही. जुना तुरुंग, कैद्यांनी बांधलेलं चर्च, आणि माझ्या हट्टापायी होडीने ते स्मशानाचं बेट. आमच्या सिग्नेट गावच्या कैदी-वंशज मंडळाच्या सहली इतकी वर्षं मीच आखते, आणि स्वतःच्या खापरपणजोबांच्या, जेबेझ आजोबांच्या, कबरीवर मात्र कधी गेलेली नाही. शोभतं का?

डल्सी अध्यक्षपद सोडतेय. बेटावर, जेबेझच्या कबरीशेजारीच घंटा तुझ्या हातात देते म्हणाली. सभा सुरू करायची ती पितळी घंटा. हवीय मला ती. फार हवीय. वहीत तरी कशाला लाजू!

८ मार्च

बसच्या जागा लावल्या. पुढे अस्सल माल – म्हणजे ज्यांचे पूर्वज बेड्या घालून विलायतेहून इथे काळ्या पाण्यावर आले ते. डल्सीची पणजी चांदीचा चमचा चोरून आली, म्हणून ती पहिल्या बाकावर. शेवटच्या बाकावर लेस्टर. त्याचा पूर्वज तुरुंगावरचा शिपाई, त्यामुळे लेस्टर नुसता 'पाहुणा सभासद'. मत नाही, पद नाही, मागचा बाक, आणि चहाचे मग विसळायचे. नियम माझाच. हातातला मग पुसता पुसता म्हणाला, "चोर तो चोर वर शिरजोर, असं मंडळाच्या पाटीवरच लिहून घ्या." सगळे हसले. मीही हसले आणि त्याला आणखी दोन मग दिले.

९ मार्च

होडीवाल्याशी बोलले. वारा असला तर पोटात ढवळेल म्हणतो. ढवळू दे.

१४ मार्च

भाषण लिहायला बसले. सुरुवातच होईना.

आमच्या घरात जेबेझ ऑर्पवुड हे नाव काढायची सोय नव्हती. मी विचारलं की आई मला बटाटे सोलायला बसवायची. लहानपणी फार बटाटे सोललेत मी! तेव्हा घरोघरी हेच – कैदी पूर्वज पलंगाखाली ढकललेले. आता जो तो त्यांना बाहेर ओढून, अंग पुसून दिवाणखान्यात बसवतो. मीही बसवले. आई इतकं लपवायची, म्हणजे कैदीच. हातच्या काकणाला आरसा कशाला? न्यायाधीशाच्या घोड्याचं खोगीर चोरलं होतं, असं ग्लॅडिस काकू सांगायची. काकू जरा तिखटमीठ लावायची हे खरं. पण खोगीर चमच्यापेक्षा मोठं, हे डल्सीलाही कबूल आहे.

१९ मार्च

लेस्टर सफरचंदं घेऊन आला. बाग आता त्याला एकट्याला झेपत नाही, तरी पहिली पाटी माझ्याकडेच येते. केक खाता खाता त्याला माझं गुपित सांगितलं, कारण ओझी वाहायला तोच लागणार. जेबेझ आजोबांच्या कबरीवर मोठा दगड आहे! वर नांगर कोरलेला, खाली नाव. काकू बघून आली होती. बाकीच्यांना तिथेच चकित करणार. दगड धुवायला मऊ ब्रश आणि पाण्याचा डबा एवढं त्याने आणायचं.

लेस्टरचा काटा हवेतच राहिला. "दगड आहे? नाव कोरलेला?" असं दोनदा विचारलं. मग एकदम कोळशाच्या खाणींचं कौतुक सुरू. तिथेही कैदी राबले, चालायला सपाट आहे, होडीची कटकट नाही. बेट वगळलं तर?

मी म्हटलं, केक खा.

२१ मार्च

सभेत पुन्हा तेच! मत नसताना उठून बोलला – खाणी, खाणी, खाणी. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "बेट तुला टोचणारच, लेस्टर. तुझ्याच माणसांनी भरलंय ते."

बेट मंजूर झालं. नंतर पाहिलं तर तो मोरीपाशी उभा राहून धुतलेलेच मग पुन्हा धूत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला – मला वाईट वाटलं. पण सांगितलं नाही.

२८ मार्च

लेस्टर फाटकाशी आला. "मर्ल, त्या दगडाचं जरा –" एवढंच बोलला. मी म्हटलं, ब्रश आणि डबा, विसरायचं नाही. मग "बरं" म्हणाला आणि गेला. माणूस म्हातारा व्हायला लागलाय.

५ एप्रिल, बसमध्ये

लेस्टर विसरला! ब्रशही आणि डबाही! मला खात्रीच होती, म्हणून माझा ब्रश आणि बाटलीभर पाणी पिशवीत आहेच. मागे स्वतःची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवून बसलाय, कुणाला बसू देत नाही. डल्सीच्या नवऱ्याला पाय लांब करायचे होते, त्यालाही नाही म्हणाला. कोण येणार आहे, विचारलं तर म्हणे, बघू.

आकाश स्वच्छ. भाषण तोंडपाठ.

५ एप्रिल, घरी

लिहितेच.

होडीत पोटात ढवळलं नाही. बेटावर वरच्या अंगाला दगडच दगड. नांगर मलाच आधी दिसला. धावले – या वयात! तर त्या दगडापुढे लेस्टर, कोट पसरून उभा. वारा अडवतोय म्हणे. मी त्याला हाताने बाजूला केलं. अक्षरांत शेवाळ भरलेलं. वाट दाखवणारी मुलगी म्हणाली, ब्रश लावायचा नाही, फार तर पाणी टाका. मी सगळी बाटली ओतली. अक्षरं उठून आली, आणि मी भाषणासाठी राखलेल्या आवाजात वाचलं:

"जेबेझ ऑर्पवुड. या तुरुंगाचा मुख्य पहारेकरी. कर्तव्यात कधी कसूर केली नाही."

तिसरं वाक्य वाचायला नको होतं. पण आवाज लागला होता.

कुणी हलेना. मग त्या मुलीने बिचारीने समजावलं – कैदी खालच्या उतारावर, तिथे नुसतं गवत आहे. त्यांना दगड मिळत नसे. वरचे दगड सगळे त्यांना कोंडणाऱ्यांचे.

डल्सीने घंटा हळूच पिशवीत परत ठेवायला घेतली. ती वाजलीच. आधी डल्सीला हसू फुटलं, मग सगळ्यांना, आणि मलाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते काही हसण्याचं नव्हतं. आईला चोर लपवायचाच नव्हता. या अख्ख्या खोऱ्यात त्या चोरांचीच नातवंडं राहत होती, आणि तिला लपवायचा होता तो त्यांना कुलूप लावणारा.

हसला नाही तो एक लेस्टर. रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली आणि झाकण लावत बसला.

६ एप्रिल

काल एक लिहायचं राहिलं. परतीला पहिल्या बाकावरून माझी पिशवी मीच उचलली आणि मागे गेले. नियम तो नियम. लेस्टरने शेजारची पिशवी खाली ठेवली. रिकामीच होती.

"सकाळपासून जागा धरलीस?" मी विचारलं.

"सफरचंदं आणली होती ना," तो म्हणाला, "त्या दिवसापासून."

घरी आल्यावर चहाचे मग मी धुतले. त्याने पुसले.