बाबांच्या बंदुकीला दुर्बीण

मकारोरा,
६ मे १९६९

चि. ऊनास,
हेक्टरचे अनेक आशीर्वाद.

डोंगराच्या माथ्यावर बर्फ उतरलं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्यासारखा आहे, ऐकून घेतलं की गप्प बसतो. मोराग सुट्टी संपवून शाळेत शिकवायला रुजू झाली का? यंदाच्या शिकारीत आम्हा मामा-भाचीला एकही हरीण मिळालं नाही, हे तिने सांगितलंच असेल.

एक काम आहे. हसू नकोस. बाबांच्या बंदुकीवर दुर्बीण बसवावी म्हणतो. सरकारी नोकरीत उपद्रवी हरणं मारत हिंडायचो तेव्हा तळावर कुणी दुर्बीण लावून आला की मी त्याला आजीबाई म्हणायचो, हे तुला माहीत आहे. पण हल्ली नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नीट दिसत नाही. झिजली असावी. तिला पांढरा रंग दिला, तरी धूसरच.

तुमच्या टिमारूत बंदुकांचं दुकान आहे. जाऊन विचार. सगळ्यात जोरदार दुर्बीण हवी. मात्र बाबांच्या बंदुकीला भोक पाडलेलं चालणार नाही.

कामाला लावलं म्हणून राग नसावा, असला तर पत्रातून कळावा.
तुझा,
हेक्टर

टिमारू,
१९ मे १९६९

ती. हेक्टरदादास,
ऊनाचा सा. न. वि. वि.

गेले होते. डोक्याचा पार भुगा होऊन आले. तुम्ही म्हणालात दुर्बीण आणा, मला वाटलं बटाटे आणण्यासारखंच असेल. दुकानदार पिम यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. चौपट दिसणारी की अडीचपट? की फिरवून तीनपासून नऊपट होणारी? नळी जाड की बारीक? बाजूने बसवायची की वरून? शिकार झाडीत की उघड्यावर? मी सांगितलं, माझा भाऊ सदुसष्ट वर्षांचा आहे आणि हट्टी आहे, एवढंच मला ठाऊक. ते म्हणाले, हे बहुतेक गिऱ्हाइकांना लागू पडतं.

मग त्यांनी एक दुर्बीण हातात दिली. मला आधी नुसता काळोख दिसला, मग माझ्याच पापण्या. डोळा तीन बोटं मागे घ्या म्हणाले, तेव्हा समोरच्या चर्चचं घड्याळ दिसलं. अंतर न ठेवता गोळी झाडली तर काच भुवईवर आपटते म्हणे. नऊपट करून पाहिलं तर घड्याळाचा एकच आकडा दिसायचा, तोही थरथरत.

तुमच्या बंदुकीचं वर्णन आठवेल तसं सांगितलं. गोळी भरायला ओढायचा बोल्ट, त्याची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी, नळीच्या तोंडापर्यंत लाकूड, बाबांनी १९११ साली ऑस्ट्रियन बनावटीची म्हणून घेतलेली. पिम खुर्चीत बसले. तिच्या बोल्टची मूठ मधून वर येते, त्यामुळे दुर्बीण फार उंच तरी बसते नाहीतर बाजूला पट्टी ठोकावी लागते, आणि भोकांशिवाय पट्टी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता तुम्हीच सांगा. आणि चाळीस वर्षांत नाही ते यंदाच का सुचलं, तेही सांगा.

मोराग मजेत आहे. तुमच्या आठवणीने ती आणि मी चीज रोल खाल्ले, तुमच्या वाटचे दोन जास्त.
आठवण ठेवावी, उत्तर लांबवू नये.
ऊना

मकारोरा,
२ जून १९६९

चि. ऊनास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राने गोंधळ दुप्पट झाला. शेजारच्या मेंढपाळाला विचारलं, तो म्हणाला चौपटच, दुसरं काही घेणारा मूर्ख. पोस्टातला म्हणाला चौपट घेणारा मूर्ख. एक यादी केली, ती फाडली, पुन्हा चिकटवली. आमची झाडी दाट, तीस यार्डांवर जनावर उभं राहतं. तिथे नऊपट काचेत नुसते केस दिसणार हे मलाही कळतं. पण दरडीवर दोनशे यार्डांवर काय आहे ते दिसायलाच हवं. काय आहे ते दिसलं पाहिजे, ऊना. तेव्हा नऊपटच बघ.

यंदाच का, याला काही कारण नाही. माणसाला वाटतं कधी.
काळजी घे. मोरागला माझा आशीर्वाद सांग.
हेक्टर

टिमारू,
१५ जून १९६९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काय आहे ते दिसलं पाहिजे, हे एकाच पत्रात दोनदा लिहिलंत.

ते वाक्य पिम यांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, बाई, ही दुर्बीण गोळी कुठे लागेल ते बघायला असते. समोर काय आहे ते बघायला गळ्यात जोडदुर्बीण घालायची. जो बंदुकीवरच्या काचेतून काय आहे ते बघतो, त्याने तोवर बंदूक समोरच्यावर रोखलेली असते. त्यांनी मला काहीही विकायला नकार दिला.

घरी येऊन मोरागला विचारलं. ती म्हणाली, विशेष काही झालं नाही. फक्त शेवटच्या दिवशी ती ओढ्यावरून पाणी घेऊन आली तेव्हा मामा दगडावर बसले होते, बंदूक गवतात पडली होती, गोळ्या काढून खिशात टाकलेल्या होत्या. मामांनी सामान बांधायला सांगितलं आणि शिकार सोडून तिथूनच गाडीकडे निघाले. तिला वाटलं गुडघा दुखत असेल. त्या दिवशी तिने तिचा तपकिरी स्वेटर घातला होता.

दादा, मी तुमची बहीण आहे. खरं काय ते लिहा.
ऊना

मकारोरा,
२८ जून १९६९

चि. ऊना,

दरडीखाली मला नर हरीण दिसलं. पाठ दिसली, मान दिसली, शिंगंही दिसली. आता वाटतं त्या मागच्या फांद्या असतील. दीडशे यार्ड. मी नेम धरला. चापावर बोट होतं. माशी धूसर होती म्हणून एक श्वास थांबलो, मग आणखी एक. मग हरणाने पाण्याचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तेव्हापासून मला समजत नाही की माझे डोळे गेले की डोकं गेलं. शिंगं मी पाहिली होती, शपथेवर सांगितलं असतं. म्हणून मला वाटलं, मोठी काच असती तर असं झालं नसतं. आता तेही खरं वाटत नाही.

मोरागला सांगू नकोस. मी हात जोडतो.
हेक्टर

टिमारू,
६ जुलै १९६९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी अंगणात जाऊन कपडे वाळत घातले, मग लक्षात आलं की ते धुतलेलेच नव्हते. मला राग आला आहे. कीवही येते आहे. दोन्ही एकदम येतात तेव्हा काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून कामाचं लिहिते.

डनीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची एकोणतीस तारखेची वेळ घेतली आहे. मीही येते. तोवर बंदूक कपाटात, बोल्ट पोस्टाने माझ्याकडे. ही विनंती नाही.

मी मोरागला सांगणार नाही. तुम्ही सांगाल. ती पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्याबरोबर येणार म्हणते आहे. कुणाबरोबर चालली आहे ते तिला कळायला हवं.

रागावले असले तरी माया कमी झालेली नाही, तुम्हीही करू नका.
ऊना

मकारोरा,
२० ऑगस्ट १९६९

चि. ऊनास,
अनेक आशीर्वाद.

डनीडनला तू हात धरून जिने उतरवलंस, त्याबद्दल तोंडावर बोलता आलं नाही, इथे लिहितो. डोकं शाबूत निघालं याचा मला इतका आनंद झाला, की मोतीबिंदू निघाल्याचंही वाईट वाटलं नाही. डावा डोळा चांगला म्हणाले, उजवा बराच गेलेला. ऑपरेशन केलं तर भिंगासारखा जाड चष्मा लागणार. करायचं का ते अजून ठरत नाही. डाव्या खांद्यावर बंदूक धरून बघितली. बोल्ट तुझ्याकडेच आहे, पण तो उजवीकडे असल्यासारखा हात पलीकडे नेताना तोल जाऊन स्वयंपाकघरात कपाळमोक्ष व्हायची वेळ आली.

मग एक गोष्ट सुचली, आणि सगळा गुंता सुटला. इतके महिने मी दुर्बीण माझ्यासाठी शोधत होतो. बंदूक मोरागला देतो. तिला शिकार झाडीतच आवडते, उघड्यावर नाही. तेव्हा अडीचपटच, साधी, फिरवाफिरवी नसलेली. त्यात आजूबाजूचं भरपूर दिसतं, जनावराशेजारी काय आहे तेही. पिमना सांग की तिची मान, बंदुकीचा दस्ता आणि डोळ्याचं अंतर मोजून घ्या. भोकं पाडायला माझी हरकत नाही. बाबा असते तर ओरडले असते, आणि मीही त्यांना ओरडून सांगितलं असतं की का पाडली.

तिला अजून सांगितलेलं नाही. पत्रात लिहिवत नाही, समोर सांगेन.
लोभ टिकवून ठेवला आहेस, तो मला पुरतो आहे.
हेक्टर

मकारोरा,
१२ एप्रिल १९७०

चि. ऊनास,
हेक्टरचे अनेक आशीर्वाद.

मोराग उद्या निघेल, त्याआधी हे लिहितो. ती सांगेलच, पण माझ्याकडूनही यावं.

पहिल्याच सकाळी डोंगर चढण्याआधी सांगितलं. चहाचा मग हातात होता, तो पुसत बसलो. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या. मग विचारलं, किती श्वास थांबलात? मी म्हटलं, दोन. ती उठून ओढ्याकडे गेली. मला वाटलं आता गाडीकडे जाईल. ती तोंड धुऊन आली, डोळे लाल होते. पाठपिशवी उचलली आणि म्हणाली, मामा, तुम्ही पुढे चला, तुमच्या मागे मला बरं वाटेल.

तिसऱ्या दिवशी एक नर ओरडत खाली आला. चाळीस यार्ड, मध्ये झाडी. तिच्याकडे दुर्बीण बसवलेली बंदूक, माझ्या गळ्यात जोडदुर्बीण. मला तपकिरी काहीतरी दिसलं, हललेलं दिसलं, पण खात्री होईना. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, एका डोळ्याने पाहिलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हटलं. तिने बंदूक खाली केली. जरा वेळाने ते झाडीबाहेर आलं. बारा टोकांचा नर, गेल्या दहा वर्षांत मी असा पाहिला नाही. आमच्याकडे बघितलं आणि सावकाश उतरून गेला.

मी म्हटलं, माझ्यामुळे तुझा गेला. तेव्हा ती म्हणाली की तिला शिंगं पहिल्यापासून दिसत होती, बाराही टोकं. मग थांबलीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणालात ना.

ऑपरेशनची तारीख घे.
तुझा,
हेक्टर