लाल दोरा कुणासाठी?

यम्मा,
तुझ्या हातांचे मुके. अम्मानला आम्ही सगळे मजेत आहोत.

पण तुझ्या निरोपाने माझं डोकं चक्रावलंय. बाबा गेल्यापासून तुझ्या झग्यावर नुसतं निळं भरतकाम. "विधवेने लाल फुली भरली, की ती पुन्हा लग्नाला तयार आहे हे गावाला कळतं," असं तूच शिकवलंस. आणि आता स्वतःच्याच झग्यासाठी लाल दोरा मागवतेस?

मी कधी दाताने दोरा तोडत नाही, आज तोडला. टाकेही चुकतायत. हसू की रडू?

शेजारचे अबू नईम, बायको गेल्यापासून तुला ऑलिव्ह आणून द्यायचे. अजून देतात?

दोरा पाठवतेय. झग्याची उलटी बाजू मात्र नीट ठेव. त्यांची म्हातारी आई अजून खणखणीत आहे. सुनेचे टाके उलटून बघितल्याशिवाय राहायची नाही.

तुझी गोंधळलेली,
वदाद