ताम्हनातली मेरीमाता

रेगेन्सबर्ग,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय संध्या,

अनेक आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली बघतेस? इथे थंडी हाडांत शिरली आहे, चहा होईपर्यंत अंधार पडतो. मयुरेशची मोटारींच्या कारखान्यातली नोकरी उत्तम चाललीय. स्वरालीला सहावा लागला. चेहरा मात्र उतरलाय, पोटात कळा येतात, तोंडाला सारखी धातूची चव असते म्हणते. मी म्हटलं, अशा दिवसांत असं चालायचंच. फोन न करता पत्र का, असं विचारशील. या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत गं.

गणपतीच्या सुमारास मयुरेशने फ्लोमार्क्टमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, एक तसबीर आणली. तांब्याच्या पत्र्यावर मीनाकाम, मेरीमाता आणि कडेवर बाळ. फ्रान्सातल्या लिमोज गावची, दोनेकशे वर्षांपूर्वीची. निळा रंग तर बघत राहावा असा, आणि चेहरा दुधासारखा पांढरा. घरात बाळ येणार, आणि आई कुठलीही असो, आईच. मी तिला अन्नपूर्णेशेजारी बसवली. मयुरेश हसला, "आई, तू सगळ्यांनाच आत घेतेस."

नवरात्रात एका सकाळी तिच्या गालावर थेंब दिसले. पुसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला भरून आलं. देवाला घाम फुटतो हे नुसतं ऐकून होते. तेव्हापासून बाकीच्या देवांबरोबर तिलाही ताम्हनात घेऊन रोज स्नान घालू लागले आणि तीर्थ स्वरालीला देऊ लागले. सून गुणाची. ऑफिसचा कॉल चालू असला तरी मुकाट्याने हात पुढे करायची.

काल मयुरेशच्या ओळखीची कादंबरी नावाची मुलगी जेवायला आली होती. नाशिकची आहे, इथे एका संग्रहालयासाठी जुनं मीनाकाम दुरुस्त करते. स्वराली आत पडली होती. तसबीर दिसताच कादंबरी पोळी टाकून उठली आणि मला हे कसं करतात ते सांगू लागली. रंगीत काचेची पूड पाण्यात घोटायची, ओलीच तांब्यावर पसरायची, वाळली की लालभडक भट्टीत धरायची. काच वितळून पत्र्याला धरते. प्रत्येक रंगाला पुन्हा भट्टी. पाठीलाही काच लावायची, नाहीतर पत्रा वाकतो आणि सगळं तडकतं. मी म्हटलं, पुरणपोळी बरी म्हणायची. ती हसली, मग एकदम गंभीर झाली.

"चमक यावी म्हणून त्या काचेत शिसं घालायचे, काकू. आणि हा पांढरा बहुतेक सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा. अशी काच कधीकधी आजारी पडते, हवेतली ओल पिऊन पाझरते. हे थेंब तेच आहेत. पाणी लागलं तर सगळं सुटून येईल. कोणी धुतली नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं.

मयुरेश समोर बसला होता. मागच्या खेपेला मूल राहिलं नाही तेव्हा तो कसा झाला होता ते तू पाहिलं आहेस. तसबीर कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि स्वतःला समजावलं, उद्यापासून ते तीर्थ बंद, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज सकाळी स्वरालीला नुसतं अन्नपूर्णेचं तीर्थ दिलं. तिने चव घेतली.

"आई, आज वेगळं लागतंय. असू दे, कालचं आहे माझ्याकडे."

"कालचं कुठलं?"

"ताम्हनातलं उरलेलं मी बाटलीत भरून ठेवते ना, तुम्ही तुळशीला घालायच्या आधी. कळ आली की घोटभर घेते. डॉक्टर नुसती गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे, बरोबर आहे करते. याने जरा धीर येतो."

ती मीटिंगला आत गेली. मी फ्रीज उघडला. बाटली दारातच होती, निम्मी रिकामी. तळाशी निळे कण बसले होते.

संध्या, मला फार भीती वाटते आहे. बाळाची वाटते, आणि ऐकल्यावर स्वराली माझ्याकडे कशी बघेल त्याचीही. पण आता गप्प राहिले तर मी सासू नव्हे, वैरीण. बाटली समोर घेऊन तिच्या दाराशी बसले आहे. ती बाहेर आली की सांगणार आणि तशीच डॉक्टरकडे नेणार. मयुरेश काय बोलायचं ते बोलू दे.

हे तुझ्या हातात पडेल तोवर इथलं काय ते कळलेलं असेल. तू झबल्यांसाठी मऊ कापड काढून ठेवलं असशील. त्याला अजून कात्री लावू नकोस.

तुझी
यमूताई