विणाई खात्यातली होनोरा

लॉवेल, अमेरिका, १० नोव्हेंबर १८८६

ती. ऑरेलीताईस, डेल्फिनचा सा. न. वि. वि.

आधी हे वाच, की मी धडधाकट आहे. मग पुढचं.

काल गिरणीत पडलेला धोटा उचलायला वाकले आणि माझी वेणी मागाच्या पट्ट्यात गेली. मी ओरडले, पण आमच्या खात्यात दीडशे माग धडधडतात, ऐकणार कोण? शेजारच्या मागावरच्या होनोरा टियर्नीने पाहिलं. ही पन्नाशीची आयरिश विधवा. मी आले तेव्हा हिनेच मला सुनावलं होतं, की तुम्ही कॅनडावाले कमी मजुरीवर राबून आमच्या पोटावर पाय देता. तीच धावली. अख्ख्या ओळीचा पट्टा उतरवला आणि कमरेच्या कात्रीने वेणी कापून मला मागे ओढलं.

बारा माग थांबले, कापड बिघडलं. मुकादमाने तिला संध्याकाळीच काढून टाकलं. आता तो मला म्हणतो, केस अडकलेच नव्हते, बाईने खुनशीने ओळ बंद केली, असं सहीनिशी लिहून दे. दिलं तर तिचे दोन माग मला. नाही दिलं तर मीही घरी. शनिवारी उत्तर द्यायचंय. ताई, माझ्या मजुरीवर तुमचा हिवाळा निघतो, म्हणून विचारते. काय करू?

बाबांना हळूच सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी डेल्फिन

सेंट-एमे, कॅनडा, १४ नोव्हेंबर १८८६

चि. डेल्फिनला ऑरेलीचे अनेक आशीर्वाद.

शनिवार तर कालच उलटला. तू सही केली असशील, तर मला ताई म्हणू नकोस. आमच्या हिवाळ्याचं आम्ही बघू. बटाटे आहेत, डुक्कर आहे.

हळूच कुठलं सांगतेस, पत्र बाबांनीच फोडलं! वाचून दाखवत असताना मधेच उठून गोठ्यात गेले. आले ते डोळे लाल करून. आता म्हणतात, गिरण्या गेल्या चुलीत, मी पोरीला घेऊन येतो. उद्या निघतील. मी सांगितलंय, की तिला तोंड आहे, आधी विचारा. केसांची काळजी करू नकोस. टोपी घातलीस की तुझं ध्यान बरंच बरं दिसतं.

जपून राहा, आणि रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी ऑरेली

लॉवेल, २२ नोव्हेंबर १८८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई म्हणायचा हक्क राखलाय. मी सही केली नाही. मोडक्या इंग्रजीत मुकादमाला नाही म्हटलं, त्याने दार दाखवलं. शाल घेऊन निघाले, तर मागे एकेक माग बंद पडायला लागला. आधी आपल्या बायकांचे, मग आयरिश बायकांचे. त्या खात्यात मला पहिल्यांदा माझ्याच पावलांचा आवाज आला. पुढचे तीन दिवस एकही माग चालला नाही. गुरुवारी मालकांनी आम्हा दोघींनाही परत बोलावलं.

बाबा मंगळवारीच आले होते, मेपलची साखर घेऊन. होनोराच्या स्वयंपाकघरात टोपी काढून नुसते उभे राहिले. वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरले. तिने त्यांचं वाकडं नाक न्याहाळलं आणि कोणी फोडलं म्हणून मला विचारलं. लाकूडतोडीच्या छावणीत तुमच्यातल्याच एका आयरिश माणसाने, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मग नीट काम केलं नाही त्याने, अर्धं सरळच आहे. मी भीतभीत फ्रेंचमध्ये सांगितलं, तर बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

काल ते एकटेच परतले. मला म्हणाले, तुला राहायचं तर राहा, पण ह्या बाईला कोणी नाही, दर रविवारी तिच्याकडे जात जा. स्टेशनवर माझ्याकडून थँक्यू शिकून घेतलं आणि फलाटभर घोकत फिरले. पण पोचवायला आलेल्या होनोरासमोर जीभ वळेना. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. होनोरा मात्र तीस वर्षं गिरणीत ओठांवरूनच बोलणं ओळखत आलेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली, आणि मग मला म्हणाली, की तुझ्या बाबांनी तीनदा म्हटलं.

घरी सगळ्यांना नमस्कार. आठवण काढत राहा.

तुझीच
डेल्फिन