गाडीने मला खोटारडी ठरवलं

चि. धाकट्या भावास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझा खोकला आणि तुझी बायको (या क्रमाने नव्हे) ठीक असतील असं धरून चालते. माझी प्रकृती ठणठणीत आहे, पण अब्रू अंथरुणाला खिळली आहे. अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून मी सांगतेय आणि दुसरं कुणी लिहितंय. काही वावगं दिसलं तर दोष हाताचा, तोंडाचा नाही.

अरे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला एका गाडीने खोटारडी ठरवलं! माणसाने म्हटलं असतं तर चार सुनावले असते. गाडीला काय सुनावणार? मुलाचा त्या गाडीवर भारी जीव. संध्याकाळी खाली आणून लावली तरी दहा मिनिटं उतरत नाही, ऑफिसचा फोन असतो म्हणे. तर या गाडीत मी पुढे बसते. पट्टा ओढते, बक्कल खट् वाजतं, आणि गाडी सुटली की टूं टूं टूं सुरू. मुलगा म्हणतो, "आई, पट्टा लाव." मी म्हणते, "लावलाय रे बाबा!" तो म्हणतो, "गाडी कशाला खोटं बोलेल?" म्हणजे मी बोलेन! (एकदा, एकदाच, पोट आवळतं म्हणून पट्टा पाठीमागून लावून त्यावर टेकून बसले होते. ते पाप अजून फिटलेलं नाही.)

एवढ्यावर थांबलं असतं तर बहिरेपणाचं सोंग घेऊन निभावलं असतं. पण महिन्यापूर्वी आमच्या विहीणबाई, सुनेच्या आई, राहायला आल्या. शाळेत बाई होत्या. समोरचा माणूस बाकावर बसलाय अशाच अजून बोलतात. (लिहिणारी म्हणते, हे लिहायलाच हवं का? म्हटलं, लिहा.) एक दिवस त्या पुढे बसल्या, पट्टा लावला, आणि गाडी चिडीचूप! दूध पिऊन झोपलेलं पोर जसं. येताना मी पुढे बसले, की परत टूं टूं. मी गारच पडले. मुलाने तिथल्या तिथे निकाल दिला: गाडीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवू, बिघाड निघाला तर ठीक, नाहीतर आई कायमची मागे. अरे, मागून मला दिसतं काय? दोन मानगुटी. पुढे बसून मी रस्ता बघते, कुणाच्या गॅलरीत काय वाळतंय ते बघते, मुलाला ब्रेक कधी मारायचा ते सांगते. दुसरी करमणूक उरलीय कुठली?

शनिवारी सगळे गेलो. इलेक्ट्रिशियन काडीसारखा, बोलणं त्याहून बारीक. म्हणाला, सीटच्या गादीत एक सेन्सर असतो, तो बसलेलं माणूस ओळखतो, आणि बक्कलमध्ये दुसरा, तो पट्टा ओळखतो. मुलगा हळूच म्हणाला, "आईचं वजन कमी आहे, त्याचा घोटाळा असेल." तो म्हणाला, "मग गाडी ओरडलीच नसती, साहेब. ती आजींना ओळखते, पट्ट्याला ओळखत नाही." तेवढ्यावरच त्याला ओवाळून टाकावंसं वाटलं. मग त्याने विहीणबाईंना बसवलं. शांत. मला बसवलं. मी नेहमीप्रमाणे सीट ओढून अगदी पुढे घेतली (माझे पाय आखूड, विहीणबाईंचे मेले सारस पक्ष्यासारखे) आणि टूं टूं! "आजी, तशाच बसा, सीट मागे घ्या." बंद! "पुढे घ्या." सुरू! सगळ्यांचा आ वासलेला. तो म्हणाला, "खालची वायर ओढली जातेय. बघावं लागेल." त्यावर मुलगा घाईघाईने म्हणाला, "खाली काही नाही हो, राहू दे, बसेल ती मागे." पण तोवर त्या माणसाने आडवं होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला होता.

आणि बाहेर काय निघालं? टॉफीचा पत्र्याचा डबा! त्याचा कोपरा वायरीत अडकलेला. सीट पुढे आली की डबा वायर ओढायचा, बक्कलचा काँटॅक्ट सुटायचा, आणि गाडी माझ्या नावाने बोंबलायची. म्हणजे मी खरी होते! पण एकाने तरी तसं म्हणावं? सगळ्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला साखर बंद होऊन तीन वर्षं झाली ना! मुलगा लालबुंद: "आई, गाडीत लपवतेस?" भाऊ, तुझ्या गळ्याची शपथ, तो डबा माझा नव्हता. (माझा कुठे असतो ते लिहिणारीसमोर सांगणार नाही.) पण विहीणबाईंचा चेहरा पाहिला, तर पार उतरलेला. साखर त्यांनाही बंद. म्हटलं, बाई लेकीच्या घरी आलेली, जावयासमोर मान खाली कशाला? पुढे झाले आणि म्हणाले, "हो, माझाच." घरी येईपर्यंत मुलाचं साखरेवर भाषण. डबा जप्त. गाडी दुरुस्त झाली आणि डबा लपवल्याची शिक्षा म्हणून मी मागच्या सीटवर गेले.

तुझी खरी असून खोटं बोलून फसलेली,
ताई

ता. क. टॉफीचे दोन डबे पाठव. एक माझा, एक विहीणबाईंचा, त्यांचा बिचारीचा गेला.

आणखी एक. हे लिहितंय कोण, विचारशील. विहीणबाईच! घरात दुसऱ्या कुणाला एवढी सवड आहे? सारस पक्ष्यापाशी पेन मोडता मोडता राहिलं.

(यापुढचं माझं, म्हणजे विहिणीचं. सा. न. वि. वि. तो डबा माझा नव्हता. मला वाटलं तुमच्या ताईंचाच, म्हणून ह्यांची दया येऊन माझा चेहरा उतरला. हे आत्ता ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी दोन बोटं दुमडली, एक स्वतःचं, एक माझं, आणि तिसऱ्यावर थांबल्या. मग ह्या म्हणाल्या, "लिहा: भाऊ, टॉफी पाठवू नकोस. उद्या संध्याकाळी गाडी लागली की आम्ही दोघी खाली जाणार, तो ऑफिसचा फोन ऐकायला. मी पुढे बसेन. सीट ओढून, पट्टा लावून.")