मागं आहे आड

कराड,
७ नोव्हेंबर १९७४

प्रिय अंजना,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, त्यावरूनच तू काय ते ओळखशील. माझी मावशी, जन्नतखाला, दिवाळीच्या बांगड्या भरायला तुमच्या वाडीत येणार आहे. तुझ्या डझनाच्या कागदाखाली हे घडी घालून ठेवलंय. न्हाणीत जाऊन वाच आणि वाचलंस की चुलीत घाल. तुझ्या घरी पत्रं आधी कोण वाचतं ते मला आता कळलंय. इतके दिवस मी अगदी मजेत तुझ्या सासूलाच पत्रं लिहीत होते म्हणायची.

आपल्याला लिमरिक पहिल्यांदा शिकवलं तो तास आठवतो का? इंग्रजीचे सर खडू फिरवत म्हणाले होते, हा पाच ओळींचा वात्रटपणा आहे. याला आयर्लंडातल्या एका गावाचं नाव पडलंय, आणि ही लिमरिकं कुणी रचली ते बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं, ती तोंडातून तोंडात जातात. पहिल्या लांब ओळीत एक गाव आणि एक माणूस येतो. तिसरी आणि चौथी ओळ आखूड, तिथे त्या माणसावर काहीतरी कोसळतं. आणि जुन्या धाटणीत पाचवी ओळ फिरून पहिलीवरच येते, जणू मधे काही घडलंच नाही. तू उभी राहून विचारलं होतंस, मग सर, त्या माणसाचं पुढे काय होतं? सर हसून म्हणाले, काही नाही, पुढचं लिमरिक सुरू होतं. सगळा वर्ग हसला आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

त्यानंतर होस्टेलात आपण कुणालाही सोडलं नाही. रेक्टरबाई, मेसची आमटी, पाटणची ती घोरणारी मुलगी, सगळ्यांवर पाच पाच ओळी झाल्या. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणायचे की आपल्या बायका जात्यावर ओव्या म्हणून रडतात, उखाणे घेऊन लाजतात, पण चारचौघांत बेधडक थट्टा करायला त्यांना काही नव्हतं, ते आता मिळालं. थट्टेत बोललेलं कुणी मनावर घेत नाही, असं मला वाटायचं. मला बरंच काही वाटायचं.

म्हणूनच तुझ्या लग्नात, नाव घ्या म्हणून बायकांनी धरलं तेव्हा, तू माझं लिमरिक म्हटलंस. मीच रचून दिलं होतं, एस.टी.त बसल्या बसल्या, तिकिटाच्या पाठीवर.

कृष्णाकाठची एक नवरी होती भारी धीट,
नाव घ्या म्हटलं की म्हणे, आधी बसू द्या नीट;
सासू म्हणे, द्वाड,
मागं आहे आड,
बाळासोंचं नाव घेते मग ती नवरी धीट.

मांडव हसून हसून वाकला. तुझी सासू मात्र उठून आत गेली. बाळासो स्वतःच्या पायांकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांना काव्य कळत नाही. खरं सांगते अंजू, तुझ्या सासरी परसात आड आहे हेही मला ठाऊक नव्हतं. 'द्वाड'ला यमक हवं होतं. झाड, पाड, लाड करत करत मी आडावर आले.

श्रावणात तुझं कार्ड आलं. खुशाली, पाऊस, म्हशीचं रेडकू, आणि शेवटी एकच ओळ: त्या पाच ओळी तू कुठून आणल्यास ते नीट कळव. मी उलट कार्डावर लिहिलं, तुझ्या सासूच्या तोंडावरून सुचल्या. आपण किती हुशार, असं वाटून मी ते कार्ड पोस्टात टाकण्याआधी दोनदा वाचलं होतं. ते कार्ड त्यांनी वाचलं असेल तेव्हा तुझं काय झालं असेल, हा विचार गेले आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मला माफ कर असं लिहायचीसुद्धा लाज वाटते.

आठ दिवसांपूर्वी जन्नतखाला कराडला आली. टोपली उतरवली, पाणीही न पिता दार लोटलं आणि मला विचारलं, "पंचमीच्या फेरात त्या वाडीच्या पोरी आडाचं गानं म्हनत्यात. ते तुजंच हाय न्हवं? तुला कुनी सांगितलं गं?" मी विचारलं, काय सांगितलं? मला सगळं ठाऊक आहे असं धरून ती बोलायला आली होती. दोन वर्षं गप्प बसलेली बाई माझ्या एका यमकामुळे बोलली.

बाळासोंची पहिली बायको, शालू, तापानं गेली असं तुझ्या आप्पांना सांगितलं होतं. वाडीत सांगितलं की पाणी शेंदताना पाय घसरून आडात पडली. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरव्या बांगड्या भरायला जन्नतखालालाच बोलावणं गेलं. हात सुजले होते, दोन दोनच चढल्या. त्या हातांवर बोटांचे वळ होते. आदल्याच दिवशी खालानं तिला जांभळ्या रेशमी काचेच्या बांगड्यांचा डझन भरला होता. त्यातली एकही हातात नव्हती. बाहेर पडताना तिला उकिरड्यावर राखेत जांभळ्या काचा दिसल्या. आपला माल ती ओळखते. आडात पडताना फुटलेल्या बांगड्या आडात सापडतील, अंजू. त्या घरात फुटल्या होत्या, आणि कुणीतरी त्या झाडून टाकल्या होत्या.

"मी बांगड्या इकनारी बाई, माजं कोन ऐकनार," असं म्हणून ती गप्प राहिली. मी तिला बोल लावला नाही. मला तोंड कुठे आहे? पण नवरात्रात तिनं तुझे हात पाहिले. गणपतीत भरलेल्या डझनातल्या दोन उरल्या होत्या. तू म्हणालीस, पाणी शेंदताना आपटल्या. खाला मला म्हणाली, "शालू बी ह्येच म्हनली हुती. ह्येच शब्द." आणि मग टोपलीवर डोकं टेकून रडली.

इतकं लांबण लावण्याचं कारण, मी नुसतं 'निघून ये' लिहिलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस. तुला मी ओळखते. ते तुला विचारतात, कुणी सांगितलं, आणि तुझ्याकडे उत्तर नाही, कारण तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आता तुला ठाऊक आहे. आता तू त्या घरात राहू नयेस. सोमवारी बाजार आहे, बायकांबरोबर तुला सोडतील. दहाची कराडची एस.टी. फाट्यावर थांबते. खाला टोपली घेऊन तिथे उभी असेल. पिशवी नको, दुसरं लुगडं नको, चपला सापडल्या नाहीत तर अनवाणी ये. आप्पांना मी अजून काही कळवलेलं नाही, ते तुला समजूत घालून परत पोहोचवतील. आधी तू माझ्या खोलीवर ये, मग ते, मग पोलीस. खाला जबानी द्यायला तयार आहे, आणि त्या पाच ओळी माझ्या आहेत हे मी सांगेन. तू सरांना विचारलेलं मी इतक्या उशिरा विचारते आहे, त्या माणसाचं पुढे काय होतं? पहिल्या ओळीत शालू होती. त्याच घरात, त्याच आडावर, पाचव्या ओळीत तू आहेस. सोमवारी दहापासून मी कराडच्या स्टँडवर उभी आहे. त्या गाडीतून तू उतरली नाहीस, तर पुढच्या गाडीनं मी तुमच्या दारात येईन.

तुझीच,
रशीदा