परकीय कंपनी

गिलमन्स लँडिंग, ओहायो
२ डिसेंबर १९७६

चि. मर्ल यास व्हर्नाताईचे अ. उ. आ.

तुम्ही दोघं फिलाडेल्फियाला सुखरूप पोचलात हे फोनवर कळलं, पण फोनवर मला बोलणं सुचत नाही, म्हणून लिहिते. थँक्सगिव्हिंगला पपांची रिकामी खुर्ची बघून घास उतरणार नाही असं वाटलं होतं. तुम्ही आलात म्हणून उतरला. लोर्नाच्या हातून ग्रेव्हीचं भांडं पडलं, ते तिला मनाला लावून घेऊ नको म्हणावं. आपल्या रुडिसिल कारखान्याची भांडी खानावळींत वर्षानुवर्षं आपटून घेतात आणि फुटत नाहीत. ती फोडून दाखवणारी सून घरात आहे याचं ऑरिनला फार कौतुक वाटलं. तीस वर्षं आपली भट्टी सांभाळतोय, पण असा पराक्रम त्याने पाहिला नव्हता म्हणे.

आता कामाचं. कारखाना पपांच्या एकट्याच्या नावावर होता, तेव्हा आता कंपनी करायला हवी हे मला पटलंय. मृत्युपत्राप्रमाणे साठ भाग तुझे, चाळीस माझे, त्यालाही माझी हरकत नाही. पपा जुन्या वळणाचे होते. पण ती कंपनी डेलावेअरमध्ये का नोंदवायची हे काही डोक्यात शिरत नाही. माती इथली, भट्टी इथली, चौतीस माणसं इथली. आपल्यातलं कोणी त्या राज्यात पाणी प्यायलासुद्धा उतरलेलं नाही. पोर ओहायोत जन्मलं आणि बारसं डेलावेअरात, म्हणजे बापाबद्दल काही शंका आहे का, असं ऑरिन विचारत होता. मी त्याला कामाला लावलं, पण उत्तर मलाही हवंय.

लोर्नाला माझा गोड पापा. माया आहेच, ती दोन्हीकडून राहू दे.

तुझी,
व्हर्नाताई

*

फिलाडेल्फिया
१२ डिसेंबर १९७६

ती. व्हर्नाताईस मर्लचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ऑरिनला सांग, बापाबद्दल शंका नाही, पण बारसं करणारा पाद्री तिकडे चांगला मिळतो. देशातल्या मोठमोठ्या कंपन्या डेलावेअरला नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते राज्य नकाशावरच पाहिलंय. तिथला कायदा वापरून वापरून गुळगुळीत झालाय. कंपन्यांची भांडणं ऐकायला वेगळं न्यायालय आहे, ज्युरी नाही, न्यायाधीशच निकाल देतो. उद्या बाहेरून कोणी पैसा घालायला आला, तर डेलावेअर हे नाव ऐकूनच त्याचा वकील निम्मा निर्धास्त होतो. आपल्याला तिथे एक पत्ता लागेल, विल्मिंग्टनमधला, कंपनीचं टपाल घेणारा. बाकी तुला काहीच बदल दिसणार नाही. कागद सगळे मी करतो, तू फक्त सही कर.

लोर्ना भांड्याबद्दल पुन्हा माफी मागते. हल्ली तिचा उजवा हात जरा आळशी झालाय, थकवा असेल. तिने तुझ्या भोपळ्याच्या पायची कृती मागितली आहे, म्हणजे ती मला करावी लागणार.

थंडीत भट्टीपाशी बसत जा, कचेरीत नको. तुझ्या आशीर्वादाची रोजच गरज असते.

तुझा,
मर्ल

*

गिलमन्स लँडिंग
९ जानेवारी १९७७

चि. मर्ल यास अ. उ. आ.

पायची कृती सोबत आहे. दालचिनी हात राखून घाल, पपांसारखी मूठभर नको.

मी परवा हॉज वकिलांकडे गेले होते. तू त्यांना हसतोस, त्यांच्या कचेरीत मासेमारीच्या गळांचं दुकानही आहे म्हणून. पण माणूस सरळ आहे. त्यांनी गळाला पिसं बांधता बांधता मला समजावलं. ओहायोत, आपण वेगळं काही लिहून ठेवलं नाही तर, अख्खी कंपनी विकायला तीनातले दोन हिस्से हो म्हणावे लागतात. म्हणजे तुझ्या साठाला माझ्या चाळिसाशिवाय काही विकता येणार नाही. डेलावेअरात निम्म्याहून जास्त असले की पुरे. म्हणजे तुझे साठ पुरे, आणि माझे चाळीस असून नसून सारखे.

मला तुझं न्यायालय नको आणि तो गुळगुळीत कायदाही नको. मला एवढंच सांग, की याचसाठी तू तिकडे ओढतोयस का. कारखाना विकायचं तुझ्या मनात असेल तर आत्ता लिही. ही भट्टी विझली तर या गावात दुसरं काम नाही, हे तुला मी सांगायला नको. ऑरिन अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि छातीत मातीची धूळ घेऊन फिरतोय. त्याला कोण उभं करणार?

हो की नाही, एवढंच लिही. रागावले नाही, पण वाट बघते.

व्हर्नाताई

*

फिलाडेल्फिया
१७ जानेवारी १९७७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मला वाढवलंस तू, आणि माझ्याबद्दल विचारायला गळ विकणाऱ्याकडे गेलीस. मी घरातला माणूस आहे, बाहेरचा नाही. तुझा विश्वास नसेल तर ओहायोतच नोंदव, मी एक शब्द बोलणार नाही. विश्वास असेल तर सोबतच्या कागदांवर खुणा केल्यात तिथे सही कर.

लोर्ना बरी आहे. आठवण ठेव.

मर्ल

*

गिलमन्स लँडिंग
१० जुलै १९७७

चि. मर्ल यास अ. उ. आ.

चार जुलैला येतो म्हणालास आणि आला नाहीस. बटाट्याचं सॅलड आम्ही तीन दिवस खाल्लं. लोर्नाला आता आमचं गाव मिळमिळीत वाटत असेल तर तसं सांगावं. जानेवारीपासून तिची एक ओळ नाही. तिला म्हणावं, नणंदेला दोन ओळी लिहिल्याने काही हात झिजत नाहीत.

तुझ्या कंपनीची बातमी अशी, की ओहायो सरकारचा कागद आला. आपण डेलावेअरचे झालो, म्हणून इथे धंदा करायला परवानगी दिलीय, आणि नाव लिहिलंय 'रुडिसिल पॉटरी, परकीय कंपनी'. मी तो शब्द दोनदा वाचला. आजोबांनी नदीकाठची माती खणून पहिली भट्टी लावली, आणि त्याच नदीकाठी आज आपण परकीय. हॉज म्हणाले, कायद्याचा शब्द आहे, दुसऱ्या राज्यातल्या कुणालाही तसंच म्हणतात, मनावर घेऊ नका. ऑरिनने फाटकावर खडूने लिहिलं, 'पासपोर्ट दाखवा'. सगळे हसले. मी पुसायला लावलं नाही.

सही मी केली ती तुझ्याकडे बघून, कागदाकडे नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, हेही लक्षात आहे.

दोघं जिवाला जपा, आणि मला धरून असा.

व्हर्नाताई

*

फिलाडेल्फिया
१६ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला हवं होतं. दोनदा फोन उचलून ठेवला.

रुडिसिल पॉटरी विकली. घेणारे पेनसिल्व्हेनियातले आहेत. त्यांना आपलं नाव आणि साचे हवेत, कारखाना नको. भांडी ते त्यांच्या भट्टीत करतील. आपली भट्टी महिनाअखेर बंद करावी लागेल. सभा गेल्या मंगळवारी विल्मिंग्टनला झाली. सूचना नियमाप्रमाणे तुला पाठवली होती, तू ती उघडली नसशील असं दिसतं. तू आली असतीस तरी मतांत फरक पडला नसता. तुझ्या चाळिसाचे पैसे थेट तुझ्या नावावर येतील.

माझा नाइलाज होता. याहून जास्त आत्ता लिहिता येत नाही.

मर्ल

*

गिलमन्स लँडिंग
५ नोव्हेंबर १९७८

मर्ल,

सूचना मी उघडली होती. तीन वेळा वाचली. येऊन काय करणार होते? तिथे बसून माझे चाळीस मोजून घ्यायचे आणि बसने परत यायचं?

भट्टी मंगळवारी विझवली. सदतीसच्या पुरात पाणी दारापर्यंत आलं होतं, तेव्हा पपांनी आणि कामगारांनी वाळूची पोती रचून ती जळती ठेवली होती. ऑरिनने गॅसची चावी स्वतः फिरवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भट्टी थंड व्हायला दिवस लागतात हे तुला माहीत आहे. विटा आकसताना तडकतात, तो आवाज रस्त्यापर्यंत यायचा. माणसं डबे घेऊन बाहेर उभी राहून ऐकत होती. कोणी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

माझे पैसे आले, ते मी माणसांत वाटून टाकले. हिवाळा निघेल. पुढचं माहीत नाही.

तू मला गळ विकणाऱ्यावरून बोललास. त्याने मला खरं सांगितलं होतं आणि तू नाही. आता मला लिहू नकोस.

व्हर्ना

*

फिलाडेल्फिया
१२ मार्च १९७९

ती. ताईस,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितोय. लोर्ना काल पहाटे गेली.

शहात्तरच्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी हातांतली ताकद जाते, मग पायांतली, मग गिळण्याची, शेवटी श्वासाची. तुझ्या घरी ते भांडं पडलं ना, ती तिच्या हातून सुटलेली पहिली वस्तू. परत येताना गाडीत ती तेवढंच म्हणाली, की ताईंना कळू देऊ नकोस, त्या माझ्याकडे दयेने बघतील. गेलं वर्षभर दिवसरात्र नर्स होती. विमावाल्यांनी घरची नर्स विम्यात बसत नाही म्हणून हात झटकले. आमचं घर आधीच विकलं होतं, हे भाड्याचं आहे.

अंत्यविधी शुक्रवारी. तू येशील अशी अपेक्षा नाही.

मर्ल

*

गिलमन्स लँडिंग
२ एप्रिल १९७९

चि. मर्ल यास अ. उ. आ.

चर्चमध्ये मी तुझ्याशी काही बोलले नाही. तुझा कोट दोन मापं मोठा दिसत होता आणि मी नुसती त्याच्या बाह्यांकडे बघत राहिले. म्हणून आता लिहिते.

हात झिजत नाहीत असं मी तिला कळवलं होतं. ते तू तिला वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असशील तरी मला सांगू नकोस.

परतताना मी विल्मिंग्टनला उतरले. आपली कंपनी जिथे राहत होती तो पत्ता मला बघायचा होता. लांब खोली, कपाटं, आणि काउंटरवर एक मुलगी. मी रुडिसिल पॉटरी म्हटलं. तिने कार्डं चाळली आणि ती कंपनी आता अस्तित्वात नाही असं फार अदबीने सांगितलं. मी त्या कंपनीची कोण, असंही तिने विचारलं. तिने पाणी दिलं, कागदाच्या पेल्यात.

माझ्या पिशवीत लोर्नासाठी केलेलं भांडं होतं. शेवटच्या भट्टीतलं, झिलई जरा जाड, कान दोन्ही बाजूंना, म्हणजे हात आळशी असला तरी दोन्हींनी धरता यावं. तुझ्यावर रागावलेली असतानाही केलं होतं. तुला द्यायचं ठरवून आणलं आणि तसंच परत आणलं. आता ते टेबलावर आहे.

मर्ल, मला विचारलं असतंस तर कंपनी ओहायोत असती तरी मी हो म्हटलं असतं. तिच्यासाठी विकू म्हणाला असतास तर विकलं असतं. बदल्यात घेणाऱ्यांकडून एवढंच लिहून घेतलं असतं, की भट्टी पाच वर्षं चालू ठेवा. माझे चाळीस त्या एका वाक्यापुरते होते. तुला बहिणीला विचारावं लागू नये म्हणून तू दुसऱ्या राज्याचा कायदा शोधलास, आणि त्यात ते वाक्य गेलं.

क्षमा केली असं लिहायला बसले होते, पण ते माझ्या एकटीच्या हातात नाही. इतरांचेही हिस्से आहेत त्यात.

तरी ये. ते भाड्याचं घर सोड, तुझी खोली झाडून ठेवली आहे. फक्त नदीच्या रस्त्याने येऊ नकोस, पुलावरून वळसा घालून ये. ऑरिन अजून रोज सकाळी डबा घेऊन फाटकापाशी येऊन बसतो, आणि तुझी गाडी तो ओळखतो.

पोचण्याआधी जेवू नकोस. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
व्हर्नाताई